सहप्रवाशाच्या कानावर हक्क कुणाचा?

(नागरी शिष्टाचार या विषयावरील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता फारच लहान आहे. देशापुढे एवढे मोठे प्रश्न उभे असताना गाडीत कोणी मोबाईलवर मोठ्याने बोलतो, कोणी गाणी लावतो, याची चर्चा कशासाठी, असे कोणासही वाटेल. परंतु समाजाची खरी घडण मोठ्या प्रसंगांपेक्षा लहान प्रसंगांत अधिक स्पष्ट दिसते. संकटकाळी आपला समाज कमी पडत नाही, याचा अनुभव मुंबईने २६ जुलै २००५ च्या महापुरात घेतला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, रस्ते पाण्याखाली गेले आणि ठिकठिकाणच्या वस्त्यांतील माणसांनी अनोळखी प्रवाशांना पाणी दिले, बिस्किटे दिली, रात्रीचा आसरा दिला. जात, भाषा, पंथ कोणी विचारला नाही.

तीच मुंबई, त्याच गाड्या, तेच प्रवासी. मग कोणतेही संकट नसलेल्या साध्या दिवशी, शेजारी बसलेल्या त्याच अनोळखी माणसाच्या कानाचा विचार आपल्याला का सुचत नाही? पुरात त्याला घरात घेणारे आपण, कोरड्या दिवशी त्याला चार तासांची शांतताही का देऊ शकत नाही? आजच्या विषयाचा गाभा हा प्रश्न आहे.

एका रात्रीचे चित्र

कोणत्याही रात्री दिसू शकेल असे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. विदर्भातून मुंबईकडे निघालेली गाडी. शयनयान डबा. खालच्या बर्थवर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ कुशीवर निजले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या टाटा रुग्णालयात त्यांची तपासणी आहे. उशाखाली तपासणीच्या कागदांची पिशवी आहे. पत्नी पायाशी बसून आहे. समोरच्या बर्थवर एक तरुण मोबाईलवर लहान लहान चित्रफिती पाहतो आहे. दर पंधरा-वीस सेकंदांनी नवी धून, नवा हशा, नवा आरडाओरडा. वरच्या बर्थवरचे व्यापारी फोन स्पीकरवर ठेवून थकलेल्या बिलाचा हिशेब करीत आहेत. पलीकडच्या बाजूच्या बर्थवर मुलाखतीसाठी निघालेली एक मुलगी उशीत डोके खुपसून पडली आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. सगळे जागे आहेत आणि कोणीही काही बोलत नाही. रुग्णाची पत्नी त्या तरुणाकडे दोनदा पाहते, पण त्याची दृष्टी पडद्यावरून हलत नाही. शेवटी ती नवऱ्याच्या अंगावरची शाल त्याच्या कानावर ओढून घेते.

या चित्रातील तरुण दुष्ट आहे काय? मुळीच नाही. पहाटे कल्याण आल्यावर त्या गृहस्थांची जड पिशवी तोच आनंदाने उतरवून देईल. वरचे व्यापारी स्वतःच्या डब्यातील पुरी-भाजी शेजाऱ्यापुढे आग्रहाने करतील. माणसे चांगली आहेत. फक्त समोरचा माणूस त्यांच्या ध्यानात राहिलेला नाही. त्यांचे शरीर डब्यात आहे, मन पडद्यात आहे आणि आवाज मात्र सर्वांच्या कानांत आहे. दोष हृदयाचा नसून अवधानाचा आहे, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे उपायाची दिशाही सापडते.

फोनला दार होते तेव्हा

ही सवय आपल्याला लागली कशी? थोडे मागे पाहावे लागेल. एके काळी परगावी फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. जोडणी मिळाली तर आवाज इतका क्षीण येई, की ओरडल्यावाचून गत्यंतर नसे. लांबचा माणूस म्हणजे मोठा आवाज, हे समीकरण त्या पिढीच्या घशात बसले ते तेव्हापासून.

नंतर, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, एसटीडी-पीसीओची केंद्रे गावोगावी उघडू लागली. त्या केंद्रांची रचना आठवून पाहावी. बहुतेक ठिकाणी काचेची किंवा लाकडाची एक चिंचोळी खोली असे. तिला दार असे. आत जाऊन दार लावायचे, बोलायचे, समोरच्या यंत्रावर रुपये सरकताना पाहायचे आणि आटोपते घ्यायचे. बाहेर रांग उभी असे. फोनवरचे बोलणे खाजगी असते, ते इतरांच्या कानांवर पडू नये आणि ते मोजके असावे, हे तीन संस्कार त्या लहानशा खोलीने कोणताही उपदेश न करता दिले होते.

३१ जुलै १९९५ या दिवशी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला. देशातील मोबाईलवरचा तो पहिला कॉल. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत खर्च येई आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. त्यामुळे माणसे थोडक्यात बोलत. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले. पुढे स्पर्धेमुळे दर पैशांवर आले. सप्टेंबर २०१६ नंतर तर इंटरनेटचा भाव एवढा कोसळला, की कॉलबरोबर चित्रफितीही जवळजवळ फुकट झाल्या. आज देशात मोबाईलच्या जोडण्या ११० कोटींच्या वर गेल्या आहेत.

यात वाईट काही नाही. उलट ही फार मोठी सामाजिक क्रांती आहे. बांधावरच्या शेतकऱ्याला बाजारभाव कळू लागला, शिकायला गेलेल्या मुलीची आई निर्धास्त झोपू लागली. परंतु या प्रवासात दोन गोष्टी गळून पडल्या. बोलण्याला मोल होते, ते गेले. आणि फोनच्या खोलीला दार होते, ते गेले. पहिली गोष्ट गेली हे बरेच झाले. दुसरी मात्र आपल्याला स्वतःच्या मनात पुन्हा उभी करावी लागणार आहे. काचेचे दार गेले, तेथे संयमाचे दार बसवायला हवे होते. ते बसवायचे राहून गेले आहे.

अर्धे संभाषण का टोचते?

कोणी म्हणेल, डब्यात माणसे एकमेकांशी गप्पा मारतातच की! त्या गप्पा चालतात, मग फोनवरचे बोलणेच का खटकावे? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात अँड्र्यू मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रेल्वेच्या डब्यात आणि बसस्थानकावर त्यांनी माणसांना ठरवून संभाषणे करायला लावली. काही समोरासमोरची, काही मोबाईलवरची. नंतर आसपासच्या लोकांना विचारले. आवाज सारखाच असतानाही मोबाईलवरचे बोलणे लोकांना अधिक त्रासदायक वाटले होते. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी याचे कारण अधिक खोलात जाऊन शोधले. एकाग्रतेचे काम करणाऱ्या माणसांना त्यांनी कधी दोघांचे पूर्ण संभाषण ऐकवले, तर कधी त्यातील एकाचेच बोलणे. पूर्ण संभाषणाने कामात विशेष व्यत्यय आला नाही. अर्ध्या संभाषणाने मात्र चुका वाढल्या.

कारण समजण्यासारखे आहे. मनुष्याचे मन बोलण्याचा पुढचा धागा सतत जुळवीत असते. दोघांचे बोलणे कानांवर पडत असेल तर तो धागा आपोआप जुळतो आणि मन त्यातून मोकळे होते. एकाच बाजूचे ऐकू आले, की पलीकडून काय म्हटले असेल, हे मन न सांगता शोधू लागते. ऐकायचे नाही असे कितीही ठरवले तरी ते ऐकतच राहते. डोळ्यांना पापण्या आहेत, त्या मिटता येतात. कानांना पापण्या नाहीत. ज्याला ऐकायचे नाही त्यालाही ऐकावे लागते, एवढी ही साधी पण बोचरी गोष्ट आहे.

आवाज चढतो, त्याचेही कारण आहे. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कर्णवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हे दाखवून दिले आणि त्याला आजही त्याचेच नाव आहे. जुन्या टेलिफोनच्या रचनेतच बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडासा ऐकू येईल अशी सोय होती, त्यामुळे पट्टी आपोआप सांभाळली जाई. कानांत घट्ट इअरफोन घातलेल्या माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि तो आणखी चढवत जातो. म्हणजे मोठ्याने बोलणाऱ्याला आपण मोठ्याने बोलत आहोत याची जाणीव बहुधा नसतेच. त्याला ती करून देणारा कोणी लागतो. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

डब्याची जुनी रीत आणि आपल्या घरचे बोल

आपल्याकडचा रेल्वेप्रवास सुरू झाला तो १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे या चौतीस किलोमीटरच्या मार्गावर. तेव्हापासून डब्यात एक निराळे समाजजीवन घडत गेले. जेमतेम तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला जागा देणे, उतरणाऱ्याला आधी वाट देणे, रोजच्या आठ-बावन्नच्या गटाने एकत्र दसरा साजरा करणे, भाजी निवडत घरी परतणाऱ्या महिलांनी एकमेकींची सुखदुःखे वाटून घेणे, या साऱ्या अलिखित रीती होत्या आणि आहेत. डबा पूर्वीही शांत नव्हता. पत्त्यांचा डाव रंगे, वाद झडत. क्रिकेटचा सामना असला की एका ट्रान्झिस्टरभोवती सारा डबा गोळा होई.

मग फरक काय? त्या ट्रान्झिस्टरचा मालक दर षटकाला विचारणाऱ्याला धावसंख्या सांगे. आवाज होता, पण तो डब्याचा होता. माणसे त्या आवाजाने जवळ येत. आज एकाच बाकावर चौघांचे चार पडदे चार निरनिराळे आवाज करीत असतात आणि चौघेही एकमेकांना परके असतात. गोंगाट वाढला आणि संवाद मात्र घटला, असा हा विचित्र व्यवहार आहे.

परंतु येथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. लोकलच्या डब्यात टाळ वाजवत भजन करणारी मंडळे ही मुंबईची जुनी परंपरा. पहाटे उठून दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या नोकरदाराला त्या भजनाने बळ दिले, हे खरे. त्याच डब्यात रात्रपाळी करून परतणारी परिचारिका बसलेली असते, परीक्षेला निघालेला विद्यार्थी असतो, हेही तितकेच खरे. गाणे चित्रपटाचे असेल तर तो त्रास आणि आपल्या आवडीचे भक्तिगीत असेल तर तो संस्कार, असा निवाडा आपण करू लागलो तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. तीर्थयात्रेच्या बसमध्ये पहाटे चार वाजता मोबाईलवर आरती लावणाऱ्यानेही शेजाऱ्याचा विचार केलाच पाहिजे. ऐकणाऱ्याची इच्छा नसेल तेथे चांगला सूरही उपद्रव ठरतो. शिष्टाचाराचा नियम दुसऱ्यांना लावण्याआधी तो आपल्या माणसांना लावण्यात खरी प्रतिष्ठा आहे.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. हा दोष अशिक्षितांचा किंवा गरिबांचा आहे असे मानण्याची सुशिक्षितांना सवय असते. वस्तुस्थिती तशी नाही. वातानुकूलित डब्यात, विमानतळाच्या प्रतीक्षागृहात, विमान धावपट्टीवर टेकताक्षणी, उंची मोबाईल कानाला लावून मोठ्या आवाजात व्यवहार करणारे बहुधा पदवीधरच असतात. उलट दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून गावाकडच्या मुलांशी पाच मिनिटे बोलणाऱ्या मजुराला तेवढीच निवांत वेळ मिळालेली असते. त्याच्या बोलण्यावर नाक मुरडण्याआधी ती पाच मिनिटे त्याच्यासाठी काय आहेत, याचा विचार करावा. मुद्दा फोन बंद करण्याचा नाहीच. मुद्दा मात्रेचा आहे.

कायदा काय म्हणतो?

या प्रश्नाची दखल शासनाने आणि न्यायालयांनी घेतलेली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्र म्हणून निश्चित केला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात एक मूलगामी तत्त्व सांगितले. बोलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, परंतु इतरांना ऐकण्याची सक्ती करण्याचा अधिकार त्यात येत नाही. तो खटला ध्वनिवर्धक आणि फटाके यांच्या संदर्भातील होता, तरी तत्त्व मात्र हातातल्या लहान पडद्यालाही तेवढेच लागू पडते.

१९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १४५ नुसार गाडीत उपद्रव करणे हा अपराध आहे आणि असा उपद्रव करणाऱ्याला गाडीतून उतरवताही येते. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे मंत्रालयाने विशेष सूचना काढल्या. रात्री दहानंतर मोबाईलवर मोठ्याने बोलणे, मोठ्या आवाजात गाणी लावणे, सहप्रवाशांची झोपमोड होईल असे दिवे लावून ठेवणे, यांबाबत प्रवाशांना समज देण्याचे काम तिकीट तपासनीस, सुरक्षा दल आणि डब्यातील कर्मचारी यांच्यावर सोपवण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्नाटकच्या परिवहन महामंडळाने बसमध्ये मोबाईलचा आवाज मोठा ठेवण्यास मनाई केली. मुंबईच्या बेस्टनेही एप्रिल २०२३ मध्ये इअरफोनशिवाय ध्वनी-चित्रफिती लावण्यास आणि फोनवर मोठ्याने बोलण्यास मज्जाव केला.

म्हणजे नियमांची वाण नाही. परंतु सत्तर-ऐंशी प्रवाशांच्या डब्यात प्रत्येक मोबाईलमागे एक शिपाई उभा करणे अशक्य आहे. गर्दीच्या वेळी ज्या बसमध्ये वाहकाला तिकिटाचे यंत्र घेऊन मागच्या दारापर्यंत पोहोचणे कठीण, तेथे तो आवाज मोजत कसा फिरणार? कायदा काठी देतो. सवय मात्र समाजालाच लावावी लागते.

हा दोष केवळ आपलाच आहे, असा न्यूनगंड बाळगण्याचेही कारण नाही. फ्रान्समधील नान्त स्थानकात फोन स्पीकरवर ठेवून बोलणाऱ्या एका प्रवाशाला २०२५ मध्ये दंड झाला आणि त्याची चर्चा जगभर झाली. जे दुखणे आपले, तेच तिकडचे. परंतु जपानकडे मात्र पाहण्यासारखे आहे. तेथे गाडीत फोन निःशब्द ठेवण्याच्या सोयीला रूढ झालेले नावच मुळी शिष्टाचारावरून पडले आहे, मॅनर मोड. लोकलगाड्यांत फोन निःशब्द ठेवावा आणि बोलणे टाळावे, अशी विनंती घोषणेतून सतत केली जाते. वेगवान शिंकान्सेन गाडीत कॉल आलाच तर प्रवासी उठून दोन डब्यांमधल्या मोकळ्या जागेत जातो. त्यामागे दंडाच्या भीतीपेक्षा शेजाऱ्याला त्रास होईल हा संकोच अधिक आहे. असा संकोच आपल्याला परका नाही. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये, कोणाच्या घरी आजारी माणूस असेल तर दारातूनच हळू बोलावे, ही आपल्याही घरोघरची शिकवण आहे. ती उंबऱ्याच्या आत अडकून पडली आहे, एवढेच. तिला डब्यापर्यंत न्यायचे आहे.

सांगायचे कसे?

बंधुभगिनींनो, या विषयातील सर्वांत अवघड भाग हा आहे. त्रास सर्वांना होतो, पण सांगणार कोण? दोन टोके नेहमी दिसतात. एक म्हणजे मुकाट्याने सोसत राहणे. दुसरे म्हणजे सोसून सोसून एकदम भडका उडणे. मग शब्दाला शब्द लागतो, बाचाबाची होते आणि मूळ प्रश्न बाजूला राहून कोण कुठून आला इथपर्यंत मजल जाते.

या दोहोंच्या मधली वाट आपल्या भाषेतच आहे. मराठीत अनोळखी माणसालाही नात्याने हाक मारण्याची रीत आहे. दादा, ताई, काका, मावशी. या एका शब्दाने समोरच्याचा अहंकार निम्मा उतरतो. त्यानंतर आरोप न करता कारण सांगावे. "दादा, ह्यांना बरं नाही, जरा आवाज कमी करता का?" एवढे वाक्य पुरते. "तुम्हाला काही कळतं का?" या वाक्याने मात्र कोणाचाही आवाज आजवर कमी झालेला नाही. स्वर हळू ठेवावा. मोठ्याने बोलू नका, हे मोठ्याने सांगण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, ज्याला त्रास होतो त्याच्यावरच सांगण्याचा भार टाकू नये. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीला, रुग्णाच्या पत्नीला, म्हाताऱ्या माणसाला बोलण्याचे धाडस होत नाही. अशा वेळी शेजारच्या धडधाकट माणसाने पुढे व्हावे आणि इतरांनी शांतपणे दुजोरा द्यावा. चौघांनी सौम्यपणे म्हटले तर पाचवा ऐकतो. एवढे करूनही कोणी हेका सोडला नाही तर तिकीट तपासनीसाला सांगावे किंवा रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवावे. हात उगारणे हा मार्ग कधीच नव्हे.

आणि सांगणे जसे शिकायचे, तसे ऐकून घेणेही शिकायचे. आपल्याला कोणी आवाज कमी करायला सांगितले तर तो अपमान समजू नये. आवाज चढला आहे हे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही, हे आपण पाहिलेच. ज्याने ते लक्षात आणून दिले त्याला "माफ करा" म्हणण्यात कमीपणा नाही.

आरंभ घरापासून

मुलांना या बाबतीत बोल लावण्याआधी घरातील मोठ्यांनी स्वतःला तपासावे. दोन वर्षांचे मूल जेवत नाही म्हणून त्याच्यापुढे मोबाईल धरला जातो. गाडीत ते कंटाळले की पुन्हा तोच मोबाईल, पूर्ण आवाजात. प्रवास म्हणजे पडदा आणि पडदा म्हणजे आवाज, हा धडा त्याने तेथे गिरवला. तेच मूल पंधरा वर्षांनी रात्री साडेअकराला चित्रफिती पाहत बसले तर नवल कसले? खिडकीबाहेरचा घाट, नदीचे नाव, पुढच्या स्थानकाची वैशिष्ट्ये, भेंड्या, गोष्टी हे प्रवासाचे जुने खाऊ पिशवीतून पुन्हा बाहेर काढावेत.

घरातील आजोबांना कमी ऐकू येते म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात. त्यांना दटावू नये. त्यांना साधा इअरफोन आणून द्यावा, तो कसा लावायचा हे नातवाने शांतपणे शिकवावे. त्यांना फोन करणाऱ्यानेही ते प्रवासात आहेत हे माहीत असताना लांबण लावू नये. "पोहोचल्यावर बोलू" हे दोन शब्दांचे पथ्य घरच्यांनीच पाळले तर निम्मे कॉल आपोआप कमी होतील.

काही साधे नियम प्रत्येक कुटुंबाने ठरवून घेण्यासारखे आहेत. गाडीत पाय ठेवताच फोनचा आवाज बंद करून तो कंपनावर ठेवावा. गाणी, सामने, चित्रफिती इअरफोनशिवाय लावूच नयेत, आणि इअरफोनही शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात. स्पीकरवर बोलणे टाळावे, कारण पलीकडच्या माणसाची खाजगी गोष्टही आपण त्याला न विचारता चारचौघांत मांडत असतो. लांब बोलायचे असेल तर फलाटावर किंवा घरी. तातडीचे असेल तर हळू आणि थोडक्यात. रात्री दहानंतर डबा झोपलेला आहे असे समजूनच वागावे.

या संयमात स्वतःचाही लाभ आहे. "आठ दिवस घर बंद आहे", "पैसे अमुक बँकेत आलेत", "आलेला आकडा सांगतो, लिहून घे", अशी वाक्ये भर डब्यात उच्चारली जातात. ऑनलाईन फसवणुकीच्या या काळात स्वतःच्या घराचा पत्ता आणि खात्याचे आकडे अनोळखी माणसांना मोठ्याने वाचून दाखवण्यासारखेच हे आहे. शेजाऱ्यासाठी नाही, तर निदान स्वतःसाठी तरी आवाज खाली यावा.

ज्याची पुन्हा भेट होणार नाही

शेवटी त्या रात्रीच्या डब्याकडे परतू या. शाल कानावर ओढली गेली आहे. वरच्या बर्थवरचा हिशेब चालूच आहे. अशा वेळी पलीकडच्या बर्थवरची ती मुलाखतीला निघालेली मुलगी उठते आणि त्या तरुणाला हळूच म्हणते, "दादा, काकांना बरं नाहीये. आवाज बंद करता का?" तो दचकतो. समोर कोणी निजले आहे हे तो प्रथमच पाहतो. घाईघाईने आवाज बंद करतो. वरचे व्यापारीही वाकून खाली पाहतात आणि फोनवर म्हणतात, "उद्या बोलू, इथं पेशंट आहे." दोन मिनिटांत डबा शांत होतो. चाकांचा ठेका तेवढा ऐकू येत राहतो. थोड्या वेळाने तो तरुण त्या बाईंना विचारतो, "मावशी, कुठं दाखवायचंय काकांना?"

त्या एका प्रश्नाने तो पडद्यातून डब्यात परत आला. आजच्या व्याख्यानात सांगायचे ते एवढेच आहे.

आप्तांशी, ओळखीच्यांशी, वरिष्ठांशी सगळेच नीट वागतात. त्यात थोडे प्रेम असते, थोडा धाक असतो आणि थोडा व्यवहार असतो. पण डब्यातला शेजारी कोण? त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. त्याच्याकडून काही मिळायचे नसते. कल्याणला किंवा दादरला तो उतरून जाईल आणि पुन्हा कधी दिसणारही नाही. अशा माणसाशी आपण कसे वागतो, त्यावरून आपण खरोखर कसे आहोत हे कळते. समाज एक आहे असे आपण सभांमधून म्हणतो. हा समाज म्हणजे कोणी दूरची मूर्ती नव्हे. रात्री साडेअकराला समोरच्या बर्थवर कुशीवर निजलेला, ज्याचे नावही आपल्याला माहीत नाही असा तो माणूस म्हणजेच समाज. त्याच्या कानावर त्याचाच हक्क आहे. तो जपण्यासाठी आपल्याला फक्त बोटाने एक कळ दाबायची आहे.